डाव्या खिळ्यावरचा बिल्ला

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला काही विशेष वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकते. डिलाईल रोडच्या एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, मिठाईचे खोके बनवणारा कारखाना आहे. त्याच्या दारातून आत शिरलं की भिंतीवर जी काळपट सागवानी फळी दिसते, ती मी. माझ्या डाव्या अंगाला 'बाहेर' असं कोरलंय आणि उजव्या अंगाला 'आत'. दोन्हीकडे खिळे आहेत. कामाला येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर घातलेला एक पितळी बिल्ला असतो. सकाळी आलं की आपला बिल्ला डाव्या खिळ्यावरून काढायचा आणि उजव्या खिळ्यावर अडकवायचा. संध्याकाळी जाताना परत डावीकडे. बस्स, एवढंच माझं काम. पण हे काम मी पन्नासेक वर्षं केलंय आणि भिंतीवर असताना स्वतः एक दिवसही खाडा केलेला नाही. तेव्हा खाड्याविषयी बोलायचा मला अधिकार आहे, असं मी समजते.

खाडा म्हणजे कामावर न येणं. हल्लीची पोरं दांडी म्हणतात. न सांगता मारलेली दांडी हा माझ्या आयुष्याचा अर्धा विषय आहे. उरलेला अर्धा म्हणजे धूळ.

माझा जन्म जवळच्याच एका गिरणीत झाला. भिवा नावाच्या सुताराने मला घडवलं. मोडीत निघालेल्या एका मोठ्या दरवाजाचं लाकूड होतं, त्याने त्यावर दोन दिवस रंधा मारला, खिळे मोजून ठोकले आणि मुकादमाला म्हणाला, "घ्या, ही कधी खोटं बोलायची नाही. खोटं बोलायचं झालं तर तुम्हालाच बोलावं लागेल." भिवाला बोलायची फार हौस होती. त्याचं हे बोलणं मी तेव्हा कौतुक म्हणून ऐकलं.

गिरणीत माझा रुबाब होता. भोंगा झाला की मुकादम माझ्यासमोर उभा राहायचा. डावीकडे जेवढे बिल्ले लटकलेले, तेवढी माणसं कमी. तेवढे बदली कामगार तो गेटवरून आत घ्यायचा. आणि संध्याकाळी घरी जाता जाता खाडा करणाऱ्याच्या चाळीखाली उभा राहून हाक मारायचा, "काय रे, मेलास की काय?" वरून उत्तर यायचंच. बिल्ला लावणारे सगळे दहा मिनिटांच्या चालीवर राहायचे, त्यामुळे कोण कुठे आहे हे शोधायला कोणाला काही करावं लागत नसे.

पुढे गिरणी बंद पडली. मी काही वर्षं अंधारात उलटी पडून होते, त्याचं वर्णन करत नाही, कारण वर्णन करण्यासारखं तिथे काही नव्हतंच. मग दादरचे चिंतामणी नावाचे गृहस्थ भंगारात पुठ्ठा कापायचं मशीन बघायला आले आणि मशीनबरोबर मलाही घेऊन गेले. त्यांनीच हा खोक्यांचा कारखाना काढला. मला तेल लावलं, दारात टांगलं, एकतीस माणसांचे एकतीस बिल्ले अडकवले. बाहेरची माणसं आली की माझे फोटो काढायची आणि "वा, काय जुनी चीज आहे!" म्हणायची. मी खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

आता चिंतामणी थकले. कारखाना त्यांची सून मृणालिनी बघते. सरळ बाई. आवाज चढवत नाही, पण शब्द मागेही घेत नाही. सकाळी सव्वानऊला पेन्सिल घेऊन माझ्यासमोर उभी राहते, बिल्ले वाचते आणि रजिस्टरमध्ये खुणा करते. डावीकडे एखादा बिल्ला दिसला की लगेच मोठ्याने विचारते, "हे कुठे आहेत? कोणाला काही सांगून गेलेत?" कोणी बोललं नाही तर फोन लावते. फोन उचलला नाही तर दर तासाला लावते. तो माणूस सापडेपर्यंत सगळ्यांच्या डोक्याला ताप. कारखान्यात म्हणायचे, मॅडम पोलिसासारख्या मागे लागतात.

त्यात दोन वर्षांमागे गणपतीला गावी गेलेली सात माणसं पाच दिवसांची रजा घेऊन गेली आणि बाराव्या दिवशी उगवली. निरोप नाही, काही नाही. गिरगावच्या एका मोठ्या दुकानाचे पेढ्यांचे खोके अडकले आणि ते गिऱ्हाईक कायमचं गेलं. तेव्हा मृणालिनीने एक कागद टाइप करून माझ्या खाली चिकटवला. न सांगता एक खाडा, तोंडी समज. सलग तीन खाडे, घरी रजिस्टर पत्र. पत्र मिळूनही आठवड्यात हजर नाही, तर नाव कमी. लोकांनी तोंडं वाकडी केली. मला विचाराल तर नियम वाजवी होता. खोके काय आपोआप चिकटतात?

या नियमाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कुशाबा. सतरा नंबरचा बिल्ला.

कुशाबा कटिंग मशीनवर होता. तळकोकणातला माणूस, वय पंचावन्नच्या पुढे, बायको सुभद्रा गावी सासूसासऱ्यांकडे, आणि हा इथे एकटा. पुठ्ठ्याला बोट लावून जाडी सांगायचा. कामात एक नंबर, पण पखवाजाचा नाद. लालबाग-परळात कुठे डबलबारी असली, म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, की हितेंद्रबुवांच्या मंडळात पखवाजावर कुशाबा असणारच. आणि दुसऱ्या दिवशी सतरा नंबर डावीकडे असणार, हेही ठरलेलंच. डबलबारीचं एक पोस्टर त्याने माझ्या शेजारी भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं. त्यावर बुवांचा फेटा घातलेला फोटो, खाली फोन नंबर. सहा महिने मी त्या बुवांचं तोंड बघत होते.

दोनदा तोंडी समज झाली. तिसऱ्यांदा मृणालिनीने त्याला समोर बसवलं.

"कुशाबा, तुमच्यासारखा कटर मला मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुम्हाला सोडलं तर बाकीच्या तीस जणांना मी काय तोंड दाखवू? आता पुढचा खाडा न सांगता झाला तर समज नाही, मुदत नाही, थेट घरी पत्र. नाव कमी. इथे सही करा."

कुशाबाने सही केली. बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि आपला बिल्ला उगाचच बोटाने सरळ केला. "आता चुकान चालूचा नाय," असं स्वतःशीच म्हणाला. त्याची नोकरी त्या दिवसापासून एका बिल्ल्यावर टांगलेली होती, आणि हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं.

त्यानंतर दोन महिने सतरा नंबर रोज नऊच्या आत उजवीकडे. मग दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या. ऑक्टोबरातल्या एका रविवारी लालबागला डबलबारी होती. आणि सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटं झाली तरी सतरा नंबर डावीकडेच.

हे पहिल्यांदा मालनच्या लक्षात आलं. मालन खळ लावून खोके चिकटवणाऱ्या बायकांतली सगळ्यात जुनी. जीभ तिखट, पण मनाने लोण्याहून मऊ. तिने इकडे तिकडे बघितलं. मृणालिनी यायला दहा मिनिटं होती.

"मेल्याक कितीदा सांगितलं, पखवाज बडवायचा तर शनिवारी बडव," ती पुटपुटली, आणि कुशाबाचा बिल्ला डावीकडून काढून तिने उजवीकडे अडकवला.

मित्रांनो, भिवाने सांगितलं होतं ते तेव्हा मला समजलं. मी खोटं बोलत नाही. माझ्यावर खोटं लटकवता मात्र येतं, आणि ते खऱ्याइतकंच सरळ लटकतं.

सव्वानऊला मृणालिनी आली. सगळे बिल्ले उजवीकडे. "अरे वा, आज फुल हजेरी," ती म्हणाली आणि खुणा करून निघून गेली. कटिंग मशीन निलेशने सांभाळलं. निलेश तिशीचा, कुशाबानेच त्याला काम शिकवलेलं. दुपारी जेवताना मालनने कुशाबाला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

"झोपला असेल," निलेश म्हणाला. "डबलबारी म्हणजे काय खायचं काम आहे?"

संध्याकाळी मालनने आठवणीने सतरा नंबर डावीकडे करून ठेवला. मंगळवारी तिला यायला उशीर झाला. ती आली तर सतरा नंबर उजवीकडे! तिचा जीव भांड्यात पडला. पण मशीनवर निलेशच उभा.

"तू सरकवलास?"

"मग काय करू? तुझं त्याच्याशी बोलणं झालं असेल असं वाटलं मला."

"मला वाटलं तुझं झालं असेल."

निलेशने फोन लावला. आता तो बंद होता. "चार्जिंग संपलं असेल. उद्या येईल गं, जाणार कुठे?" असं तो म्हणाला, आणि ऑर्डरीचा ढीग समोर होता, तेव्हा मालननेही ते मानून घेतलं. बुधवारी सकाळी बिल्ला कोणी सरकवला ते सांगत नाही. तोवर अख्ख्या कारखान्याला सवय झाली होती.

बुधवारी अकरा वाजता मृणालिनी नव्या पुठ्ठ्याचा नमुना घेऊन थेट कटिंग मशीनशी गेली. तिला कुशाबाकडून जाडी बघून घ्यायची होती. तिथे निलेश. तिने संडासाकडे बघितलं, चहाच्या टेबलाकडे बघितलं, मग सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सतरा नंबर उजवीकडे. तिने तो बिल्ला काढून हातात घेतला.

"हा माणूस आत आहे म्हणे. कुठे आहे?"

मशीनं थांबली.

"किती दिवस चाललंय हे? कुशाबांनी सांगितलं होतं बिल्ला सरकवायला? ठीक आहे. खाडा तर खाडा, वर ही बनवाबनवी. पत्र आजच टाइप होईल." ती केबिनकडे वळली.

मालनने पदराला हात पुसले. तिची मुलगी आकांक्षा दहावीला, नवरा नाही, ही नोकरी गेली तर काय, हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. तरी ती पुढे झाली.

"मॅडम, त्याने नाही सांगितलं. मी सरकवला. सोमवारी मी, काल निलेशने. त्याला बिचाऱ्याला ठाऊकपण नाही. काय करायचं ते मला करा."

मृणालिनी थांबली. रागावलेली होती, पण तिने विचारलं ते भलतंच.

"सोमवारपासून? मग आहेत कुठे ते?"

मालनने निलेशकडे बघितलं.

"फोन?"

"लागत नाही," निलेश म्हणाला.

"घरी कोणी गेलं होतं?"

कोणीच गेलं नव्हतं. रजिस्टर काढलं. त्यात करी रोडच्या चाळीचा पत्ता. ती चाळ तर दोन वर्षांमागेच पाडली, तिथे आता टॉवरचं काम चाललंय. कुशाबा वडाळ्याला कुठेशी भाड्याच्या खोलीत राहतो, एवढंच सगळ्यांना माहीत. कुठल्या इमारतीत, ते एकालाही नाही. बारा-बारा वर्षं एका ताटात जेवणारी माणसं ही! मला लाज वाटली, लाकूड असून.

मग मालनची नजर माझ्या शेजारच्या पोस्टरवर गेली. तिने हितेंद्रबुवांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कुशाबा?" बुवा म्हणाले. "अहो, रविवारी तो आलाच नाही. ऐन वेळी दुसरा पखवाजी बघावा लागला. आम्हाला वाटलं, दिवाळीची ऑर्डर आहे, तुम्हीच अडकवून ठेवलं त्याला."

मृणालिनीने बुवांकडून पत्ता लिहून घेतला, बिल्ला तसाच मुठीत, आणि मालन-निलेशला घेऊन ती टॅक्सीने वडाळ्याला गेली. पुढचं मी मालनच्या तोंडून ऐकलेलं सांगते. शेजारी म्हणाले, ते कामावर गेले असतील. दार आतून बंद होतं. निलेशने खांद्याने कडी तोडली. कुशाबा मोरीपाशी पडलेला होता, रविवारच्या दुपारपासून. अंगात डबलबारीला घालायचा झब्बा. उजवी बाजू लुळी. डाव्या हाताला बादली लागत होती, त्या पाण्यावर तगला. फोन फळीवर होता, हात पोचत नव्हता.

परळच्या इस्पितळात तो वाचला. उजवा हात मात्र गेला. मृणालिनीने डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, आधी आणलं असतं तर? "सोमवारी सकाळी आणलं असतं तर कदाचित थोडा फरक पडला असता. नक्की कोणीच सांगू शकणार नाही," असं डॉक्टर म्हणाले. ते 'कदाचित' मालन कारखान्यात घेऊन आली आणि अजून तिच्याकडेच आहे.

मृणालिनीने मालनला आणि निलेशला लेखी ताकीद दिली. काहींना ते फार लागलं. मला विचाराल तर द्यायलाच हवी होती, आणि दोघांनी मुकाट सही केली. पण त्याच दिवशी तिने सगळ्यांना जमवून आणखी एक सांगितलं. "चूक माझीही आहे. तीन दिवस मी बिल्ले मोजले, माणसं नाही. आणि पत्र पाठवलं असतं तरी ते पाडलेल्या चाळीत गेलं असतं." जुना कागद तिने नखाने खरवडून काढला. नवा चिकटवला. त्यात तीन खाड्यांचं पत्र होतं, नाव कमी करणंही होतं, काही ढिलं केलं नव्हतं. पण वर पहिली ओळ नवी होती: दहापर्यंत निरोप नाही तर फोन, एकपर्यंत फोन उचलला नाही तर कारखान्याचा माणूस कारखान्याच्या वेळेत घरी जाऊन बघून येईल. एकतीस जणांचे पत्ते त्याच दुपारी नव्याने लिहून घेतले.

महिन्याभराने अंगठ्याचं मशीनही आलं. म्हणजे दुसऱ्याची हजेरी कोणी लावायला नको. ते माझ्या समोरच्या भिंतीवर बसलं, हिरवा दिवा, बाईचा आवाज. मला उतरवून पुठ्ठ्यांच्या मागे ठेवायचं ठरलं. मी तक्रार केली नाही. करणार कोणाकडे?

मार्चमध्ये कुशाबा आला. काठी डाव्या हातात, उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात, तोंड जरा वाकडं. सगळे भोवती जमले. मालन लांब उभी होती. ती इस्पितळात रोज डबा घेऊन जायची, पण त्याच्याशी धड नजर भिडवत नसे.

"काय गो मालन," तोच म्हणाला, शब्द जरा ओढत. "हय ये."

ती आली आणि रडायलाच लागली. "मी तुझी नोकरी वाचवायला गेले रे."

"माका ठावक आसा." मग सहज सांगावं तसं म्हणाला, "पडल्या पडल्या फोन वाजताना आयकलंय. मगे तोय बंद झालो. मी म्हटलंय, काय हरकत नाय, मॅडम गप बसूची नाय. आणि दोन-तीन दिसांत पत्र येतला. पोस्टमन दार वाजवतलो. मालन, आयुष्यभर ज्या पत्राक भियालंय ना, त्याच पत्राची मी वाट बघत होतंय."

मृणालिनी केबिनच्या दारात उभी होती, तीही ऐकत होती. आणि मी ऐकत होते. तीन दिवस माझ्या अंगावर त्याचा बिल्ला 'आत' लटकत होता, आणि जो आत आहे त्याला पत्र कोण पाठवणार?

कटिंग मशीन आता त्याला जमणार नव्हतं. मृणालिनीने त्याला विचारलं, सकाळी हजेरी बघाल का? कोण आलं नाही ते बघायचं, फोन करायचे, घरी माणूस धाडायचा. कुशाबाने अंगठ्याच्या मशीनकडे बघितलं, मग पुठ्ठ्यांमागे टेकवलेल्या माझ्याकडे.

"मॅडम, ह्या मशीन हुशार आसा. कोण इलो ता पोटात ठेवता. पण कोण इलो नाय ता भिंतीर दिसाक व्हया. ही फळी परत लावा."

अशी मी परत दारात आले. पगाराची हजेरी मशीनवर लागते. माझ्याकडे बघायला कुशाबा स्टुलावर बसतो. गेल्या मंगळवारी साडेनऊ झाले तरी नऊ नंबर डावीकडेच होता. नऊ नंबर म्हणजे मालन. एका पोरीने सवयीने हात पुढे केला होता, कुशाबाने काठीने तिचा हात हळूच बाजूला सारला आणि डाव्या अंगठ्याने फोन लावला.

"मालन, खंय आसस गो?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं. आकांक्षाला सकाळपासून सणकून ताप होता, मालन तिला घेऊन दवाखान्यात रांगेत होती, सांगायचं राहून गेलं. "आता मॅडम रागावतील," ती म्हणाली.

"रागावांदे. कोणाक सोबतीक धाडू?"

तिने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. निलेश गेला. मृणालिनीने एक न सांगता खाडा म्हणून रजिस्टरमध्ये खूण केली आणि लगेच, ताप उतरला का, ते विचारायला दुपारी स्वतः फोन केला.

मित्रांनो, मी जुनी फळी, तुम्हाला शिकवणारी कोण? माझी एकच कळकळीची विनंती आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या ऑफिसात, मित्र आला नाही तर त्याच्यासाठी 'हजर' म्हणू नका. प्रेम असेल तर त्याच्या दारापर्यंत जा. रागवणारे रागवू देत. त्याची जागा मात्र रिकामीच दिसू द्या.

त्या मंगळवारी नऊ नंबरचा बिल्ला संध्याकाळपर्यंत डाव्या खिळ्यावरच होता. कोणी हात लावला नाही.